नोंदवही संगणकात नेताना : फाईल की डेटाबेस?

बदनापूरहून कामधंद्यासाठी पुण्यास गेलेल्या एखाद्या तरुणाचा विवाह ठरतो, तेव्हा त्याच्याकडे प्रथम मागणी होते ती स्नानसंस्काराच्या दाखल्याची. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे ते पान शोधावे लागते. विवाह झाल्यावर तेथून कळविण्यात येते आणि त्याच नोंदीपुढे विवाहाची टीप लिहिली जाते. आता अनेक धर्मग्रामांत या नोंदवह्या संगणकात नेण्याचा विचार चालू आहे. अशा वेळी ही माहिती संगणकात नेमकी कोणत्या रूपात साठवावी, हा प्रश्न आपण आधी सोडवला पाहिजे.

नोंदवह्यांची परंपरा जुनी आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश दिला. १९८३च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ५३५व्या कलमानुसार दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांची टीप स्नानसंस्काराच्या नोंदीत करावयाची असते. म्हणजेच ही नोंद एकदा लिहून संपत नाही, ती माणसाबरोबर वाढत जाते. साठवणुकीची पद्धत निवडताना हीच गोष्ट निर्णायक ठरते.

पहिला मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रत्येक वर्षाची एक फाईल करावी आणि ती फोल्डरमध्ये ठेवावी. हे सोपे आहे, परंतु एक प्रत कार्यालयात व दुसरी पेन ड्राइव्हवर राहते. दोहोंत वेगवेगळ्या दुरुस्त्या होतात आणि खरी कोणती हे सांगता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे नोंदी आणि स्कॅन केलेली पाने, सारे काही डेटाबेसमध्ये भरणे. त्यामुळे सर्व एकत्र राहते. परंतु पानांच्या चित्रांनी डेटाबेस फुगतो, त्याच्या प्रती काढणे जड जाते, आणि कार्यक्रम बंद पडला तर साधे पानही उघडून पाहता येत नाही.

तिसरा मार्ग या दोहोंच्या मधला आहे. नोंदी डेटाबेसमध्ये ठेवाव्यात, स्कॅन केलेली पाने साध्या फाईल म्हणून फोल्डरमध्ये ठेवावीत, आणि कोणत्या नोंदीचे पान कोणते एवढेच डेटाबेसने लक्षात ठेवावे. ग्रंथालये व विद्यापीठांसाठी २००२ साली पुढे आलेली डीस्पेस ही प्रणाली याच तत्त्वावर चालते. आमच्या मते धर्मग्रामासाठीही हाच मार्ग हितावह आहे.

डेटाबेसचा मोठा लाभ आपल्या भागात विशेष जाणवतो. टीप लिहीत असताना वीज गेली तर काय होते? साध्या फाईलमध्ये अर्धवट मजकूर राहू शकतो, कधी फाईलच उघडत नाही. चांगला डेटाबेस मात्र बदल पूर्ण झाला तरच तो मान्य करतो. अन्यथा वीज परतल्यावर पूर्वीची स्थिती जशीच्या तशी मिळते.

एका कार्यालयात एकच संगणक असेल, तर २००० साली निर्माण झालेला एसक्यूलाईट हा डेटाबेस पुरेसा आहे. तो एकाच फाईलमध्ये मावतो व त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही. मात्र त्यात एका वेळी एकालाच लिहिता येते. अनेक धर्मग्रामांनी एकत्र काम करावयाचे असेल, तर पोस्टग्रेएसक्यूएलसारखा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस व त्याची निगा राखणारा जाणकार हवा.

स्थळांच्या नावांबाबतही दक्षता हवी. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वीच्या नोंदीत बदनापूरचा जिल्हा औरंगाबाद असाच असणार. २०२३ मध्ये औरंगाबादचेही छत्रपती संभाजीनगर झाले. म्हणून मूळ नोंदीतील शब्द बदलू नयेत. स्थळांचा वेगळा तक्ता करून जुनी व नवी नावे तेथे जोडावीत. शोध दोन्ही नावांनी लागेल आणि मूळ साक्षही शाबूत राहील. मजकूर मात्र युनिकोडमध्येच लिहावा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली नावे तो फॉन्ट नसेल तेथे निरर्थक अक्षरांत दिसतात.

कोणतीही पद्धत निवडली तरी तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. वर्षातून एकदा ती प्रत उघडून, तिच्यावरून नोंदी पुन्हा मिळतात की नाही हे प्रत्यक्ष पाहावे. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून राहता येत नाही. नोंदवह्या परक्या हाती पडू नयेत, असेही ५३५वे कलम बजावते. तेव्हा परवलीचा शब्द मोजक्याच व्यक्तींकडे असावा.

आणि कागदाची मूळ वही? ती कपाटात सुरक्षित राहिलीच पाहिजे. संगणक शोध सोपा करतो, परंतु शंका आली की अखेर वहीचेच पान उघडावे लागते. आपल्या धर्मग्रामात हे काम सुरू झाले, तर कुटुंबातील ज्येष्ठांनी नावे व तारखा पडताळून देण्यास अवश्य पुढे यावे. कोणाचे नाव कसे लिहितात, हे संगणकापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असते.