कोकोपिटमधले ऊसरोप खाते काय?



मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाने घरीच ट्रेमध्ये एक डोळा रोपे केली. उगवण झकास झाली. पण पंधरवड्यात पानांचे शेंडे करपू लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात निम्मी रोपे गेली. लागण महिनाभर लांबली. कोकोपिट धुऊन घ्या, एवढे सांगायचे माझ्याकडून राहिले होते. नुकसान त्यांचे झाले, चूक माझी. म्हणून हे चार शब्द लिहितो.

कोकोपिट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तो पाणी धरतो, मुळांना हवा देतो, पण त्यात अन्न जवळपास नसते. रानात खत थोडे कमी-जास्त झाले तरी माती सांभाळून घेते. ट्रेच्या कप्प्यात सांभाळणारे कोणी नाही. जे द्याल तेच रोप खाणार, आणि पाण्यातून जे क्षार येतील तेही पिणार.

पाच फुटी सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एकराला ४,३५६ रोपे लागतात. म्हणजे ४२ कप्प्यांचे १०४ ट्रे, आणि नांग्या भरायला वर दहा. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी बेणेमळ्यातलेच घ्यावे. काढलेले डोळे १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून दहा-पंधरा मिनिटे बुडवावेत. हातमोजे घालावेत, ही गोष्ट आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही.

आता कोकोपिट. त्याला मुळातच सोडियम आणि पोटॅशचे क्षार चिकटलेले असतात. गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून पिळून काढावे. मग पाच किलोच्या विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून रात्रभर मुरू द्यावे. कॅल्शियम चिकटलेल्या सोडियमला ढकलून त्याची जागा घेतो. सकाळी पुन्हा एकदा धुतले की तो सोडियम निघून जातो. हा एका दिवसाचा कुटाणा आहे खरा, पण तो चुकवू नये.

डोळा वर ठेवून ट्रे भरावेत, एकावर एक रचून प्लॅस्टिकने झाकावेत. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशीच उघडून बघावे. कोंब दिसले की ट्रे पसरून मांडावेत.

पहिले दोन आठवडे खत नको. कांडीतली साखर कोंबाला पुरते. त्यानंतर दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम १९:१९:१९, आठवड्यातून दोनदा. चौथ्या आठवड्यापासून वीस ग्रॅम. मधल्या दिवशी नुसते पाणी, तळातून निथळेल इतके द्यावे, म्हणजे साचलेले क्षार वाहून जातील.

कॅल्शियम नायट्रेट द्यायचे तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या झारीतून. दोन्ही खते एकत्र घट्ट कालवली, तर स्फुरद आणि कॅल्शियम एकमेकांना धरतात आणि पांढरा साका तळाला बसतो. तो मुळांना मिळत नाही, म्हणजे पैसे बादलीच्या बुडाशी गेले. पुण्याला माझ्या भाच्याने गॅलरीत बिनमातीचा पालक लावला आहे. त्याच्या खताच्या दोन बाटल्या आहेत, अ आणि ब. दोन का, हे त्याला ठाऊक नव्हते. कारण हेच.

विहिरीचे पाणी चुनखडीचे असेल तर कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. रानात आपण त्याला केवडा म्हणतो. लोह असते, पण रोपाला उचलता येत नाही. अशा वेळी चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावे. नुसता हिराकस तसल्या पाण्यात टाकला तर गंजासारखा खाली बसतो.

तीस ते चाळीस दिवसांत रोप तयार होते, थंडीत थोडे जास्त लागतात. ओढल्यावर गड्डा अखंड निघाला आणि मुळे पांढरी दिसली की लावावे. आणखी ठेवले तर मुळे कप्प्यातच गोल फिरतात आणि पुढे रोप खुरटते.

पाण्याची क्षारता, म्हणजे ईसी, ०.७५ पर्यंत असेल तर चिंता नाही. २.२५ च्या वर असेल तर ते पाणी ट्रेला वापरूच नका, कालव्याचे किंवा पावसाचे साठवलेले वापरा. ट्रे भरण्याआधी पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा. मागे एकाने रॉकेलच्या बाटलीतून नमुना आणला होता!

— ऊस विकास अधिकारी