हेडफोनचा ॲम्प्लिफायर: बटणांमागचे गणित

टेमघर हा भिवंडीचा एक भाग, आणि भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. धोट्याच्या मागांच्या शेडमधील आवाज ९० डेसिबेलच्या वर सहज जातो. अशा परिसरात हेडफोन लावणारा विद्यार्थी आवाज वाढवतच नेतो. त्यासाठी मोबाइलला जोडायचे छोटे ॲम्प्लिफायर आता मिळतात. त्यांवर ‘बास बूस्ट’, ‘क्रॉसफीड’ अशी बटणे असतात. ती काय करतात आणि दोन ॲम्प्लिफायरांची तुलना कशी करावी, ते पाहू.

प्रथम शक्ती. समजा, १ मिलिवॅट दिल्यावर एक हेडफोन १०० डेसिबेल आवाज देतो. शक्ती दसपट केली की १० डेसिबेल वाढतात. म्हणजे १०० मिलिवॅटला १२० डेसिबेल! एवढा आवाज कानाला इजा करतो. तेव्हा खोक्यावरचा मिलिवॅटचा मोठा आकडा म्हणजे चांगला ॲम्प्लिफायर नव्हे. हेडफोनचा रोध मात्र पाहावा. १ मिलिवॅटसाठी ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.१८ व्होल्ट पुरतात, ३०० ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.५५ व्होल्ट लागतात.

ॲम्प्लिफायरलाही स्वतःचा रोध असतो. एकसरीत जोडलेल्या दोन रोधांमध्ये व्होल्टेज रोधांच्या प्रमाणात वाटले जाते, हे आपण वर्गात शिकवतोच. हेडफोनचा रोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. समजा, तो १००० हर्ट्झला ३२ ओहम आणि १०० हर्ट्झला ९६ ओहम आहे. ॲम्प्लिफायरचा रोध ३२ ओहम असेल, तर हेडफोनला पहिल्या स्वराचे निम्मे व्होल्टेज मिळेल, दुसऱ्याचे पाऊण. खर्जाचा स्वर दीडपट, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबेलने चढेल. ॲम्प्लिफायरचा रोध १ ओहम असेल, तर हाच फरक ०.२ डेसिबेलहून कमी राहील. म्हणून ॲम्प्लिफायरचा रोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा संकेत आहे.

बास बूस्ट खर्जाचे स्वर मुद्दाम चढवते. हळू आवाजात आपल्या कानांना खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. त्यामुळे हळू ऐकताना या बटणाचा उपयोग आहे. परंतु ६ डेसिबेल वाढ म्हणजे व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती चौपट. आवाज आधीच पूर्ण वाढवलेला असेल, तर तेवढी शक्ती उरत नाही, तरंगांचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो.

क्रॉसफीडची कल्पना बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये मांडली. समोर स्पीकर असताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही, किंचित उशिरा व किंचित क्षीण होऊन पोचतो. हेडफोनमध्ये तसे होत नाही आणि गाणे डोक्याच्या आतच वाजल्यासारखे वाटते. हे बटण एका बाजूचा थोडा आवाज दुसरीकडे सोडते.

तुलना करताना एक पथ्य पाळावे. थोडा मोठा आवाज नेहमी ‘चांगला’ वाटतो. म्हणून २०० हर्ट्झचा स्वर लावून, हेडफोन जोडलेला असतानाच, मल्टिमीटरने दोन्ही ॲम्प्लिफायरांचे व्होल्टेज सारखे करावे. मग कोणता वाजतो आहे हे न सांगता मित्राकडून आलटून पालटून ऐकावे. पुष्कळदा फरक नाहीसा होतो!

मागांचा खडखडाट मात्र यांतले कोणतेच बटण कमी करत नाही. कान नीट झाकणारा हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो, म्हणून आतला कमी ठेवता येतो. शेडमध्ये काम करणाऱ्यांनी तर संगीताऐवजी कानांत संरक्षक बोळेच घालावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार मुलांसाठी ७५ डेसिबेलला आठवड्यास ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबेलला किती वेळ उरतो, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर येते आठवड्यात फक्त सव्वा तास.