सूर अडतो तो नटच्या खाचेत

लेस पॉल गिटारची ‘जी’ (G) तार सारखी उतरते, ही वादकांची जुनी तक्रार. खुंट्या ढिल्या पडल्या असतील, असे समजून अनेक जण महागड्या नव्या खुंट्या बसवून घेतात. तरी तार उतरायची ती उतरतेच. दोष बहुतेकदा खुंटीत नसतो. गिटारची मान आणि डोके जिथे जुळतात, तिथे हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक अरुंद पट्टी असते. तिला नट म्हणतात. तार या नटच्या खाचेत अडकते.

गिब्सन कंपनीने लेस पॉल बाजारात आणली १९५२ साली. तिच्या मूळ आराखड्यात डोके सुमारे १७ अंशांनी मागे झुकलेले आणि खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. त्यामुळे नट ओलांडताच प्रत्येक तार खाली वळते. मधल्या डी आणि जी या तारांना तर बाजूलाही चांगलेच वळावे लागते. जिथे वळण, तिथे घर्षण. फेंडरच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहाही खुंट्या एका रांगेत आहेत, त्यामुळे तारा जवळजवळ सरळ जातात. पण तिला तारांचा ताण सैल करणारा ट्रेमोलोचा दांडा आहे, आणि दांडा दाबला की तार नटमधून मागेपुढे सरकतेच.

सूर कसा बिघडतो? तार ओढून बेंड घेतला की ताण वाढतो आणि खुंटीकडची थोडी तार वाजत्या भागात येते. बोट सोडल्यावर ती परत गेली नाही, तर सूर उतरलेला राहतो. दांडा दाबल्यावर याच्या उलट घडते: तार खुंटीकडे सरकते, तिथेच अडकते आणि सूर चढतो.

ओळखायला कान पुरेसा आहे. खुंटी हळूहळू पिळावी. सूर जागचा हलत नाही, मग एकदम ‘टिंग’ असा आवाज येतो आणि तार हव्या त्या सुराच्या पुढे उडी मारते. खाच घट्ट आहे, याची ही खूण.

०.००९ इंची तारांच्या संचासाठी कोरलेल्या नटवर ०.०११ चा जाड संच चढवला, की हा त्रास हमखास होतो. कारागीर मग तारेच्या जाडीप्रमाणे मिळणाऱ्या खास कानशीने खाच किंचित रुंद करतो. खाचेचा तळ खुंटीकडे उतरता ठेवतो, म्हणजे तार पहिल्या फ्रेटच्या बाजूच्या कडेवर नेमकी टेकते. खाच फार खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते; उथळ राहिली तर मोकळ्या तारा सुरात असूनही सी कॉर्ड चढा वाजतो, कारण तार दाबताना ती जास्त ताणली जाते.

यावर रचनेतले उपायही निघाले. फ्लॉइड रोझ यांनी १९७० च्या दशकात तारा नटवरच आवळून टाकणारी रचना केली. गिटारवादक जेफ बेक यांच्या नावाच्या स्ट्रॅटोकास्टरला, तार फिरत्या आधारावरून सहज सरकावी म्हणून, रोलर नट आहे.

साध्या नटला मात्र साधी निगा पुरते. तारा बदलताना खाचेतला मळ काढावा, मऊ पेन्सिलीचे शिसे आत घासावे आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावावा. एवढे करूनही तार अडली, तर घरी कानस न चालवता गिटार जाणत्या कारागिराकडे न्यावी. नव्या खुंट्यांवर पैसे घालण्याआधी नट तपासून घ्या.