दुसऱ्या धन्याची गाडी

‘जालना सोने का पालना’ ही उक्ती मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. निजामाच्या अमदानीत ती इथल्या पेठेच्या भरभराटीला उद्देशून होती. १९६४ साली येथे ‘महिको’ या बियाणे कंपनीची स्थापना झाल्यावर ती बियाण्यांच्या व्यापाराला लागू पडली, आणि पुढे सळईच्या भट्ट्या पेटल्यावर पोलादाला. अशा शहरातील संपत्तीने कालांतराने मोटारीचे रूप घेतले नसते तरच नवल होते. हे रूपांतर या टापूत किती झपाट्याने झाले याची साक्ष ऑक्टोबर २०१० मध्ये मिळाली. येथून साठेक किलोमीटरवरच्या तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, व्यापारी, उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्यांचा सुमारे ६५ कोटी रुपयांचा सौदा एकदम केला आणि जर्मन मोटार ही मुंबई-पुण्याची मिरास राहिली नाही, असे जणू जाहीरच केले. त्याआधीपासूनच, औरंगाबाद-जालना रस्त्यावरील शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडाच्या आणि २००७ पासून ऑडीच्या गाड्या जुळविल्या जात होत्या. म्हणजे जर्मन यंत्रविद्या जालनेकरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच नांदत होती.

मोठ्या मोटारींचा हा पहिला बहर ओसरला, त्यांचे हप्ते फिटले, मालकांचे मन नव्या नमुन्यांकडे वळले, आणि मग या गाड्या दुसऱ्या धन्याच्या शोधात बाजारात येऊ लागल्या. त्यांतच अधूनमधून एखादी दोन दारांची, बुटकी, टर्बो इंजिनाची जर्मन स्पोर्ट्स कूपे असते. नवी असताना जिचे मोल एखाद्या टुमदार घराइतके होते, ती आता मध्यम प्रतीच्या नव्या गाडीच्या भावात मिळते हे पाहून, कुंडलिका नदीच्या अलीकडल्या तीरावर, रेल्वे स्टेशन आणि गांधी चमनच्या बाजूला वसलेल्या जुन्या जालन्यातल्या एखाद्या तरुण व्यापाऱ्याचे मन चळले, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु मोह आणि सौदा यांच्यामध्ये थोडी खातरजमा असावी, एवढ्याच हेतूने या यंत्राचा हा परिचय.

या वर्गातील सर्वांत परिचित, आणि म्हणून परीक्षेस घेण्यास सर्वांत योग्य, अशी गाडी म्हणजे ऑडी टीटी. १९९५ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात तिचा नमुना मांडला गेला, तेव्हा तिच्या छपराची अखंड कमान आणि चाकांवरची भरीव वर्तुळे पाहून जाणकार थक्क झाले. आणि १९९८ मध्ये ती विक्रीस आली तेव्हा त्या नमुन्याचे रूप बहुतांशी अबाधित राहिले होते, ही त्या काळी विरळाच गोष्ट. इंगोलस्टाट येथे रंगवलेले सांगाडे रेल्वेने हंगेरीतील ग्योरच्या कारखान्यात जात आणि तेथे त्यांची गाडी होई. २००६ साली अॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्या मिश्र सांगाड्याची दुसरी पिढी आली, २०१४ साली तिसरी. ही तिसरी २०१५ मध्ये भारताच्या बाजारात उतरली. आणि साडेसहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्यानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये टीटीचे उत्पादन कायमचे थांबले. तिच्या कुंडलीत एक कटू प्रकरणही आहे. पहिल्या पिढीच्या गाड्यांना जर्मन महामार्गांवर अतिवेगात अपघात झाले, तेव्हा कंपनीला त्या परत बोलावून मागच्या बाजूस स्पॉयलर, सस्पेन्शनमध्ये फेरबदल आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्ययंत्रणा बसवावी लागली. सौंदर्याने शास्त्राला डावलले की त्याची भरपाई कोणाला तरी करावी लागते, हे मोटारीच्या व्यवसायातही खरे ठरले.

आता टर्बोविषयी. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले ती मुळात काटकसरीची कल्पना आहे: इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर नाहक वाया जातो, त्याच्याकडून एक चाक फिरवून घ्यावे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, आणि लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घ्यावे. परंतु या काटकसरीचे मोल उष्णता आणि वेग या दोन रूपांत चुकवावे लागते. पेट्रोल इंजिनाच्या टर्बोत धुराचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, त्याचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि हा सर्व खटाटोप तेलाच्या एका पातळ पडद्यावर तोललेला असतो. त्या पडद्यात काजळी शिरली, तेल जुने होऊन पातळ पडले, किंवा वेगात आलेली गाडी थांबवून मालकाने तत्क्षणी किल्ली फिरविली, की उरलेले तेल तिथेच जळून त्याचा कोळसा होतो. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही थंड पाणी फिरविणारा विजेचा पंप असतो. तथापि तो मालकाच्या घाईला एका मर्यादेपलीकडे पुरत नाही. बैलाचे वय दातांवरून ओळखावे, तसे टर्बोचे वय तेलाच्या पावत्यांवरून ओळखावे.

टीटीच्या पिढ्यांप्रमाणे तिची दुखणीही पालटत गेली. पहिल्या पिढीचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन मुळात कणखर होते, पण त्या काळी त्याच्या इग्निशन कॉइल इतक्या सर्रास निकामी होऊ लागल्या की उत्पादकांना त्या बदलून देण्याची मोहीमच काढावी लागली. दुसऱ्या पिढीच्या आरंभीच्या २ लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट वेळेवर बदलणे भाग असते. त्याखेरीज कॅमशाफ्ट आणि उच्च दाबाचा इंधनपंप यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी एक पोलादी वाटी असते. ही वाटी घासून झिजते, प्रसंगी आरपार भोक पडते, आणि मग एका क्षुल्लक तुकड्यापायी पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही जायबंदी होतात. तिची तपासणी कोणताही हुशार फिटर थोड्या वेळात करू शकतो. गाडी घेण्यापूर्वी ती करवून घेणे हा सर्वांत स्वस्त विमा होय. त्यापुढच्या, बेल्टऐवजी साखळीच्या इंजिनात पिस्टनच्या अरुंद कड्यांमुळे तेल जळण्याची आणि साखळीचा ताणक ढिला पडण्याची तक्रार जगभर गाजली, अमेरिकेत तिच्यावर दावे चालले, आणि पुढे कंपनीने ताणकाचा सुधारलेला नमुना काढला. सकाळी थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखड ऐकू आली, तर ती साखळीची हाक समजावी. तिसऱ्या पिढीत हे दोष बव्हंशी हटले. राहिला तो पाणीपंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराचा पाझर.

सर्व पिढ्यांत नसला तरी बहुतेक अर्वाचीन टर्बो इंजिनांत आढळणारा आणखी एक विकार म्हणजे व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन. जुन्या पद्धतीत पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत आत जाई आणि जाता जाता त्यांना धुऊन काढी. आता ते थेट सिलिंडरमध्ये उडविले जाते, त्यामुळे व्हॉल्व्ह कोरडे राहतात आणि तेलाच्या वाफेचे थरावर थर त्यांवर बसत जातात. यावरचा उपाय मोठा मौजेचा आहे: अक्रोडाच्या टणक कवचांचा बारीक भुगा दाबाच्या हवेने व्हॉल्व्हवर मारतात, तो धातूला ओरखडा न काढता काजळी उडवून देतो. अशी दुखणी एकट्या ऑडीचीच नाहीत. बीएमडब्ल्यूच्या २००६ मधील दोन टर्बोंच्या सहा सिलिंडरी कूपेवर जग लुब्ध झाले खरे, परंतु तिच्या उच्च दाबाच्या इंधनपंपाने इतका घात केला की २०१० मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

गिअरबॉक्स हे तिसरे प्रकरण. टीटीमध्ये बहुधा तेलात बुडालेल्या दोन क्लचांचा सहा गिअरचा डबा असतो. त्याचे तेल आणि गाळणी साधारणपणे ६०,००० किलोमीटरला बदलावी लागते, आणि चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या जोडणीचे तेलही ठरावीक काळाने. ही कामे राहिली तरी गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणूनच विकायचे ठरविलेला धनी ती हटकून टाळतो; आणि टाळलेल्या कामाचे बिल दुसऱ्या धन्याच्या नावे फाटते.

या यंत्राला जुन्या जालन्यात आणले म्हणजे काय घडेल, याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीच्या वर जातो, आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला बाहेरूनच तप्त वारा मिळाला की त्याची शक्ती तेवढी खर्ची पडते. हवेत धूळ आहे, तेव्हा हवेची गाळणी पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आतच बदलावी लागणार. गाडीचे पोट जमिनीपासून अर्ध्या वितीहून फारसे उंच नाही. कचेरी रोडकडून गल्लीत वळताना लागणाऱ्या गतिरोधकांना ही गोष्ट कोणी कळविलेली नाही. पेट्रोलचाही प्रश्न आहे: या इंजिनांना ९५ ऑक्टेनचे इंधन अभिप्रेत होते आणि जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के लिहिलेली असते, तर आज पंपावर मिळते ते वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल, रबरी नळ्या आणि सीलांची तपासणी म्हणून अगत्याची. उलटपक्षी, एक जमेची बाजू अशी की समृद्धी महामार्ग आता जिल्ह्यातून जातो आणि ताशी १२० किलोमीटरची कायदेशीर मुभा तेथे आहे. इंजिनाला मधूनमधून लांब पल्ल्याची मोकळी धाव मिळाली तर ते अधिक निकोप राहते, नुसत्या स्टेशन ते मोंढा अशा खेपांनी नव्हे. मात्र महामार्गावर चढण्यापूर्वी टायरची तारीख पाहावी. रबराचे वय झाले की खाचा शाबूत असूनही ते विश्वासार्ह राहत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत या टापूला एक योगायोगाचे वरदान लाभले आहे, आणि त्याची जाणीव फार थोड्या खरेदीदारांना असते. टीटीची इंजिने ही तिची एकटीची नव्हेत. पहिल्या पिढीच्या १.८ लिटर टर्बोचे भाऊबंद शेंद्र्यात जुळलेल्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये होते, आणि पुढच्या साखळीच्या इंजिनाचे सगोत्र लॉरा, सुपर्ब, ए४ अशा इथल्याच गाड्यांत आले. त्यामुळे संभाजीनगरच्या ज्या मिस्त्रीने शेकडो सुपर्ब उघडल्या त्याला टीटीचे बोनेट परके नाही, आणि पंप, कॉइल, ताणक, गाळण्या हे भाग भारतात मिळू शकतात. परंतु दरवाजाची काच, पुढचा दिवा, बंपर, छपराचा पत्रा, आतील सजावट हे सारे तिचे एकटीचे. ती पूर्ण तयार स्थितीत आयात होत असे, आणि तिचे हे अवयवही समुद्रापलीकडून येतात, आयातकरासह. इंजिनाच्या धास्तीने रात्री जागणाऱ्या खरेदीदाराने म्हणूनच एका फुटक्या दिव्याची किंमत आधी विचारून ठेवावी.

गाडी पाहण्याचा मुख्य भाग बोनेटखाली नसून दप्तरात असतो. नोंदणीपुस्तकात बँकेचा बोजा उतरलेला आहे काय, नमुना ३५ सहीनिशी मिळाला आहे काय, गाडी दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतली असल्यास नमुना २८ चे ना-हरकत पत्र आहे काय, हस्तांतराचे नमुने २९ आणि ३० रीतसर भरले आहेत काय, थकलेले ई-चलन किती, विमा कोणाच्या नावे, हे सारे तपासल्याखेरीज बयाणा देऊ नये. परराज्यातून, विशेषतः पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आलेल्या दिल्लीतून, स्वस्तात मिळणाऱ्या गाडीवर महाराष्ट्राचा करही भरावा लागतो, आणि एमएच २१ ची पाटी लागेपर्यंत त्या स्वस्ताईतले बरेच पाणी आटते. दुरुस्तीच्या पावत्यांवरील किलोमीटरचे आकडे तारखांच्या क्रमाने मांडून पाहावेत. मीटर मागे फिरविणाऱ्याला डॅशबोर्डवरचा आकडा बदलता येतो, पण जुन्या पावत्या सहसा त्याच्या हाती नसतात. सीटबेल्ट पूर्ण लांबीपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाकडे पाहावे: तेथे मातकट रेघ दिसली, तर ती गाडी कुठल्या तरी महापुरात बुडून धुऊनपुसून बाजारात आली आहे असे समजावे. शेवटी थंड इंजिन स्वतः सुरू करावे, विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेले नव्हे. आणि त्या जातीच्या गाड्यांचा स्कॅनर लावून पुसलेल्या दोषांचा माग काढावा.

या साऱ्याचे सार एका व्यवहारी नियमात सांगता येते: मोटारीची किंमत दरसाल उतरते, पण ती धडधाकट ठेवण्याचा खर्च तिच्या जन्मकालीन किमतीच्या प्रमाणातच राहतो. साठ लाखांच्या आसपास विकली गेलेली गाडी वीस लाखांना मिळाली, तरी तिचा दिवा, तिचा गिअरबॉक्स आणि तिचा टर्बो हे साठ लाखांच्या गाडीचेच असतात. हा नियम विसरून केलेल्या सौद्यांमुळेच जर्मन गाड्या बेभरवशाच्या म्हणून बदनाम झाल्या. वेळेवर तेल आणि पाणी मिळालेल्या गाड्या लाखांवर किलोमीटर निमूट चालतात, आणि त्यांची चर्चा कोणी करीत नाही.

सबब, ज्याच्या घरी एकच मोटार आहे आणि तीच रोज दुकानी, दवाखान्यात आणि लेकरांच्या शाळेत जाते, त्याने ही कूपे घेऊ नये. ज्याच्याजवळ दुसरी गाडी आहे, सावलीची जागा आहे, आणि खरेदीच्या रकमेचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढण्याची ऐपत आणि तयारी आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. शक्यतो तिसऱ्या पिढीची, एकाच धन्याची, आणि पावत्यांचे संपूर्ण दप्तर असलेली. दप्तर नसेल तर भाव कितीही उतरलेला असो, सौदा तिथेच मोडावा.