लिनक्स टाकायचंय, पण कोणतं?

जुना लॅपटॉप, विंडोज ११ त्यावर बसत नाही आणि नवा घ्यायला पैसे नाहीत. लिनक्स हा रस्ता चांगला आहे. पण त्याला फाटे फार. उबंटू, मिंट, फेडोरा, आर्च... यातला आपला कोणता?

घरात एक लॅपटॉप असतो. पुण्यात नोकरीला असलेल्या चुलतभावानं सेकंडहँड आणून दिलेला, नाहीतर आडतीवर सोयाबीन घातल्यावर हातात आलेल्या पट्टीतून वडिलांनी घेतलेला. आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, दीड तास टिकणारी बॅटरी. त्याच्यावर तुमचे प्रॅक्टिकल, बहिणीचा स्कॉलरशिपचा फॉर्म, घरातल्या लग्नाचे फोटो आणि सातबाऱ्याची पीडीएफ, सगळं एकत्र नांदत असतं.

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. म्हणजे लॅपटॉप बंद पडला का? नाही. तो चालतोच. पण सुरक्षेचे नवे अपडेट येत नाहीत. नोंदणी करणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली, ती तात्पुरती. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१५-१६ चे लॅपटॉप त्या दारातूनच परत येतात.

मग वर्गातला कुणीतरी म्हणतो, "लिनक्स टाक की." तुम्ही विचारता, "कोणतं?" आणि तिथून वाद सुरू होतो.

ज्वारी एकच, ताटात काय घ्यायचं?

लिनक्स हे खरं तर फक्त कर्नलचं नाव. मशीन आणि सॉफ्टवेअर यांच्यामधला तो गाभा. हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये तो लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आज तुमच्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये तोच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत तर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

पण नुसती ज्वारी कुणी खात नाही. तिची कुणी भाकरी करतं, कुणी धपाटं, कुणी आंबील. तसंच कर्नल घ्यायचा, त्यावर डेस्कटॉप बसवायचा, सॉफ्टवेअर जोडायचं, अपडेट कधी आणि कसे द्यायचे ते ठरवायचं. असा जो तयार संच होतो त्याला म्हणायचं डिस्ट्रिब्युशन, बोलताना डिस्ट्रो. पीठ सगळीकडे तेच असतं. त्यामुळे 'सगळ्यांत भारी डिस्ट्रो कोणता?' हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या ताटाला कोणता चालेल, हे विचारायचं.

आधी चार प्रश्न स्वतःला

रॅम किती? आठ जीबी असेल तर काहीही टाका. चार असेल तर हलका डेस्कटॉप निवडा. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, लुबंटू किंवा एमएक्स लिनक्स. दोनच असेल तर अँटीएक्ससारखा अगदी हलका डिस्ट्रो. एक मात्र लक्षात ठेवा. डेस्कटॉप हलका असला तरी ब्राउझर हलका होत नाही. क्रोममध्ये वीस टॅब उघडले की कोणताही डिस्ट्रो रडतो. आणि आत अजून जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल, तर डिस्ट्रो बदलण्यापेक्षा एसएसडी बसवल्यानं जास्त फरक पडेल.

डेटा किती? यूट्यूबवरचे रिव्ह्यू हे सांगत नाहीत, कारण ते करणाऱ्यांच्या घरी फायबर असतं. तुमच्याकडे मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबी असेल, तर हिशेब करा. उबंटूची इन्स्टॉल करायची फाइल सहा जीबीच्या आसपास. म्हणजे तीन-चार दिवसांचा डेटा. मिंट साधारण तीन जीबी, फेडोरा अडीचच्या आसपास. डेबियनची छोटी फाइल एक जीबीच्याही आत असते, पण बाकीचं सामान ती इन्स्टॉल होताना नेटवरून ओढते. शिवाय खर्च एकदाच नसतो. फेडोरा आणि आर्च सारखे नवं आणतात, त्यामुळे अपडेटही मोठे. डेबियन संथ, म्हणून तिथं डेटा वाचतो.

एकेकाळी उबंटू सीडी फुकट पोस्टानं घरपोच पाठवायचा. २०११ मध्ये ते बंद झालं. आता ते काम आपणच करायचं. एकानं कॉलेजच्या वायफायवर फाइल उतरवायची आणि पेनड्राइव्हवरून बाकीच्यांना द्यायची. हे बेकायदा नाही. वाटण्याची मुभा या डिस्ट्रोंच्या परवान्यातच आहे.

काम काय? बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंगला असाल, तर सी, पायथन, जावा, मायएसक्यूएल हे सगळं लिनक्सवर सुरळीत चालतं. पण बीकॉमच्या मुलीला टॅली लागते, सिव्हिलच्या मुलाला ऑटोकॅड, डीटीपी करणाऱ्याला फोटोशॉप. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनलेलीच नाहीत. कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल तो फॉन्ट टाकल्याशिवाय वाचता येत नाहीत. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल, तर ती कोणत्या सॉफ्टवेअरवर होते ते इन्स्टिट्यूटमध्ये आधी विचारा. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनी तर आशाच सोडा. अशांनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकावं. दोन्ही एकाच लॅपटॉपवर राहू शकतात.

शेजारी कोण आहे? हा प्रश्न सगळ्यांत मोठा. मुरुड म्हटलं की मुंबईकरांना जंजिरा आठवतो, आपल्याला लातूरच्या अलीकडचा आठवडी बाजार. या मुरुडमध्ये रात्री दहाला लॅपटॉपचं वायफाय गेलं आणि सकाळी असाइनमेंट द्यायचीय, तर काय करणार? एसटीनं लातूर गाठायचं, तर दिवस बुडतो. आणि तिथल्या दुकानातही "हे लिनक्स काढू अन् विंडोज टाकू" असंच उत्तर मिळायची शक्यता जास्त. म्हणजे तुमचा दुरुस्तीवाला म्हणजे तुम्ही स्वतः आणि तुमचा वर्गमित्र.

म्हणून जो डिस्ट्रो तुमच्या ओळखीतलं कुणीतरी वापरतं, तो तुमच्यासाठी निम्मा सोपा झाला. केरळमधल्या सरकारी शाळांनी हेच केलं. तिथं 'काइट' ही सरकारी संस्था उबंटूवर बेतलेला एकच डिस्ट्रो सगळ्या शाळांना देते. एका शिक्षकाची अडचण सुटली की ते उत्तर दुसऱ्या शाळेतही चालतं. तिथल्या पोरांना लिनक्स अवघड वाटत नाही, कारण बाकावर शेजारी बसलेल्याकडेही तेच असतं.

आता एकेकाची ओळख

उबंटू : २००४ पासूनचा, सर्वांत ओळखीचा. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. पण तुम्ही सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी एलटीएस घ्या, तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. इंटरनेटवर याच्याइतकी तयार उत्तरं दुसऱ्या कुणाची नाहीत. तोटा असा, की याचा नेहमीचा डेस्कटॉप चार जीबीत दमतो.

लिनक्स मिंट : उबंटूच्याच पायावर उभा. खाली मेन्यूचं बटण, कोपऱ्यात घड्याळ. विंडोजवरून येणाऱ्याला घर बदलल्यासारखं वाटत नाही. उबंटूसाठी लिहिलेली बहुतेक उत्तरं इथंही लागू पडतात. टाइमशिफ्ट नावाची सोय सोबतच येते. ती आधी लावून ठेवली, तर अपडेटनं काही मोडल्यावर सिस्टीम कालच्या स्थितीत नेता येते. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

डेबियन : १९९३ चा. उबंटू याच्यातूनच निघाला. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती, तीही घासूनपुसून. सॉफ्टवेअर थोडं जुनं मिळेल, पण मध्येच मोडणार नाही. एकदा लावलं की विसरून जा, अशा स्वभावाचा.

फेडोरा : रेड हॅटच्या पाठबळावर चालतो. नवं तंत्रज्ञान इथं लवकर येतं. लिनस टोरवाल्ड्स स्वतः हाच वापरतो. रेड हॅटचं ऑफिस पुण्यात आहे आणि भारतीय भाषांसाठी 'लोहित' हे खुले फॉन्ट याच कंपनीनं दिले. पुढं सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करायची असेल, तर फेडोरावरचा सराव उपयोगी पडतो. मात्र एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने चालते, मग बदलावीच लागते. म्हणजे पुन्हा डेटा.

आर्च : इथं भिंतीही तुम्हीच बांधायच्या आणि वायरिंगही तुम्हीच करायचं. शिकायला उत्तम, पण घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर परीक्षेच्या महिन्यात नको. त्याचा विकी मात्र जरूर वाचा. डिस्ट्रो कोणताही असो, तिथं उत्तर सापडतं.

काली : काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, ड्रॅगनचं चित्र. हॉस्टेलवर रुबाब पडतो. पण काली हे सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांचं हत्यार आहे. लिनक्सची ओळख नसलेल्यानं यापासून सुरुवात करू नये, असं ते बनवणारेच सांगतात. आणि शेजाऱ्याच्या वायफायवर प्रयोग केलात, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकायचंच असेल, तर मिंटच्या आत व्हर्च्युअल मशीन करा आणि त्यात काली चालवा.

बॉस : भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स. सी-डॅकनं डेबियनवर बेतलेला, २००७ मध्ये आलेला आपला डिस्ट्रो. भारतीय भाषांची सोय आणि सरकारी कार्यालयांची गरज डोळ्यांपुढं ठेवून केलेला. तो वापरणाऱ्यांची संख्या कमी, त्यामुळे अडलात तर विचारायला माणसं कमी.

टाकण्याआधी एवढं कराच

बहुतेक डिस्ट्रो इन्स्टॉल न करताही पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतात. दोन दिवस तसंच वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, कॉलेजच्या प्रोजेक्टरला जोडता येतं का? मराठी टायपिंगही बघा. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड मिळतात. आणि प्रिंटर विसरू नका. झेरॉक्सच्या दुकानांत ठिकठिकाणी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायला बरीच खटपट करावी लागते.

मग बॅकअप. इन्स्टॉल करताना 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय एका क्लिकवर असतो आणि पुसलेलं परत येईलच याची खात्री नसते. लॅपटॉप तुमच्या एकट्याचा नाही. लग्नाचे फोटो आणि बहिणीची कागदपत्रं आधी दुसरीकडे हलवा, उघडून बघा, मगच पुढं जा. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा. आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून बसा. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असली, तर सगळं पहिल्यापासून.

अडलात तर मराठीतूनही शिकता येतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात आहेत, फुकट. एकदा उतरवून घेतले, की नेट नसतानाही बघता येतात.

मग ठरलं काय?

चार जीबीचा जुना लॅपटॉप आणि पहिलीच वेळ असेल, तर मिंट एक्सएफसीई. आठ जीबी आणि बरं नेट असेल, तर उबंटू एलटीएस. सर्व्हरकडे जायचं असेल, तर फेडोरा. रोज काही शिकायचं नाही, फक्त काम चालू राहायला हवं, तर डेबियन. पण तुमच्या जिवलग मित्राकडे यापैकी दुसरंच काही असेल आणि तो मदतीला येणारा असेल, तर ही यादी बाजूला ठेवा आणि त्याचाच डिस्ट्रो घ्या.

एकदा टाकला, की निदान एक सेमिस्टर बदलू नका. दर आठवड्याला नवा डिस्ट्रो टाकणारी पोरं इन्स्टॉल करण्यात तरबेज होतात, पण लिनक्स शिकायचं राहूनच जातं. फाइलच्या परवानग्या, टर्मिनल, पॅकेज, लॉग या गोष्टी एका डिस्ट्रोवर कळल्या, की दुसऱ्यावर फक्त कमांडची नावं बदलतात.

आणि सहा महिन्यांनी मागच्या बाकावरचं कुणी विचारेल, "लिनक्स टाकायचंय, पण कोणतं?" तेव्हा वाद घालू नका. पेनड्राइव्ह काढा आणि त्याच्याशेजारी तासभर बसा.