प्रश्नमंजूषेचे यजमान

यक्षप्रश्नाची कथा आपल्या घरांतील लहान मुलासही ठाऊक असते. तळ्याकाठी चार भाऊ निश्चेष्ट पडले आहेत, आणि पाचवा, घसा कोरडा पडला असूनही पाण्यास हात न लावता, प्रश्नामागून प्रश्नाचे उत्तर देत उभा आहे. कथा सांगताना आपण सर्व कौतुक युधिष्ठिराचे करतो व ते योग्यच आहे. परंतु प्रश्न विचारणारा कोण होता, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो यक्ष म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म होता. उत्तर देणाऱ्याची पारख करावयाची तर विचारणाराही तितक्याच अधिकाराचा असावा लागतो, असा त्या योजनेचा अर्थ आहे.

महाविद्यालयांतून हल्ली प्रश्नमंजूषेच्या ज्या सांघिक स्पर्धा भरतात, त्यांविषयीही आपले असेच होते. चषक घेऊन घरी आलेल्या मुलाला आजी दृष्ट काढून घरात घेते, शेजारीपाजारी त्याचे अभिनंदन करतात. परंतु ज्या विद्यार्थ्यांनी महिनोन् महिने खपून ती स्पर्धा भरविली, प्रश्न रचले, तपासले, वाचले, त्यांचे नावही कोणी विचारीत नाही. या खेळाचा थोडा इतिहास सांगून या अनामिक यजमानांच्या कामाचे मोल वाचकांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खेळाचा उगम

विद्यापीठांच्या संघांमधील हा खेळ मूळचा अमेरिकेतील. डॉन रीड नावाच्या गृहस्थाने तो योजिला व १९५३ साली तो 'कॉलेज बोल' या नावाने तेथील नभोवाणीवर सुरू झाला. १९५९ साली तो दूरचित्रवाणीवर गेला. इंग्लंडात १९६२ साली 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' या नावाने त्याची प्रतिष्ठापना झाली, आणि बॅम्बर गॅसकॉइन यांनी तेथे १९८७ पर्यंत, म्हणजे पाव शतक, प्रश्नकर्त्याचे आसन भूषविले.

खेळाची रीत समजण्यास सोपी आहे. समोरासमोर चार चार विद्यार्थ्यांचे दोन संघ बसतात. प्रत्येकापुढे एक घंटीची कळ असते. पहिला प्रश्न सर्वांना मिळून असतो. ज्यास उत्तर येईल त्याने कळ दाबावी व एकट्याने, सोबत्यांचा सल्ला न घेता, उत्तर द्यावे. ते बरोबर आले की त्याच्या संघास आणखी तीन प्रश्न मिळतात, आणि तेथे मात्र चौघांनी आपसात विचार करावयाचा असतो. प्रश्न पुरा होण्याच्या आत घाईने कळ दाबून चुकीचे उत्तर देणाऱ्याचे गुण कापले जातात. म्हणजे स्वतःच्या ज्ञानाविषयी विश्वास, उतावळेपणाला आवर, आणि चौघांचे एकमत या तिन्ही गोष्टींची कसोटी या एकाच खेळात लागते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलास यांतील तिसरी गोष्ट शिकविण्याची गरज पडू नये!

आपल्याकडील वाटचाल

हिंदुस्थानात सार्वजनिक प्रश्नमंजूषेचा आरंभ कलकत्त्यात झाला. १९६७ साली नील ओब्रायन यांनी तेथील एका चर्चच्या सभागृहात सर्वांस खुली अशी पहिली स्पर्धा घेतली. १९७२ साली 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' सुरू झाली, आणि तिला आवाज मिळाला तो आपल्या मुंबईचा. हमीद सयानी हे तिचे सूत्रधार होते. १९७५ साली ते निवर्तल्यावर त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी यांनी ते काम हाती घेतले. नभोयंत्राभोवती कोंडाळे करून, पडद्यामागचा तो मुलगा उत्तर देण्याच्या आत आपण द्यावे म्हणून चुरस करणारी त्या काळची मुले आज स्वतः आजी-आजोबा झाली आहेत. १९८५ साली सिद्धार्थ बसू यांनी दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' आणले, व महाविद्यालयांचे संघ घरोघरी दिसू लागले.

मुंबईच्या विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा पराक्रम २००३-०४ सालचा. इंग्लंडातील मूळ खेळाची हिंदी आवृत्ती 'युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया' त्या वर्षी बी.बी.सी. वर्ल्डवर प्रथम झाली, आणि तिचे विजेतेपद सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संघाने मिळविले. हे महाविद्यालय अंधेरीस असले, तरी ते ज्या भारतीय विद्या भवनाचे, त्याचे मुख्य ठिकाण आपल्या गिरगाव चौपाटीजवळच आहे. पुढे याच संघाने केंब्रिजच्या गॉन्व्हिल अँड कीज महाविद्यालयाच्या संघावरही मात केली. सेतू कसे बांधावेत व यंत्रे कशी चालवावीत हे शिकणाऱ्या या मुलांनी काव्य, इतिहास, संगीत यांतही आपण मागे नाही असे दाखविले, ही गोष्ट 'आमच्या शाखेत ते लागत नाही' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

यजमानपणाचे गणित

आता स्पर्धा भरविणे म्हणजे काय, ते पाहू. समजा, एका महाविद्यालयाने केवळ आठ संघांस आमंत्रण दिले आणि प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी पडावी असे ठरविले. म्हणजे सात फेऱ्या व अठ्ठावीस सामने झाले. चार खोल्यांतून एकाच वेळी चार सामने चालवावयाचे, तर प्रश्न वाचणारे चार व गुण लिहिणारे चार, अशी आठ माणसे दिवसभर अडकली. एका सामन्यास वीस मुख्य प्रश्न व त्या प्रत्येकामागे तीन उपप्रश्न धरले, तर ऐंशी प्रश्न लागतात. सातही फेऱ्यांस मिळून ५६०, आणि अंतिम सामन्याचे ऐंशी मिळविले की ६४०! चारही खोल्यांतून तेच प्रश्न त्याच वेळी वाचले गेले पाहिजेत. एका खोलीची फेरी लवकर आटोपली तर तेथील मुलांनी बाहेर जाऊन त्याची वाच्यता करता कामा नये.

हे साडेसहाशे प्रश्न कोठून यावयाचे? ते जुन्या पुस्तकांतून उतरून काढले, तर ते पूर्वी ऐकलेल्या संघाचे फावते. म्हणून ते नव्याने रचावे लागतात. प्रत्येकाचे उत्तर दोन ठिकाणी ताडून पाहावे लागते. एकाच्या दोन उत्तरांचा संभव असेल तर शब्द बदलावे लागतात. विषयांची वाटणी समतोल आहे की क्रिकेट व सिनेमा यांनीच सारी जागा व्यापली आहे, हेही पाहावे लागते. आणि इतके करून ज्यांनी हे प्रश्न पाहिले, त्यांस स्वतः खेळता येत नाही. पंगतीत वाढणारा शेवटी जेवतो. येथे वाढणाऱ्याने त्या दिवशी उपाशीच राहावयाचे असते. ज्यांचा संघ उत्तम, त्यांनाच उत्तम प्रश्न रचता येतात; म्हणजे जिंकण्याची संधी ज्यांना सर्वांत अधिक, त्यांनीच ती सोडावयाची. त्याग हा शब्द येथे मोठा वाटेल. परंतु वीस वर्षांच्या मुलाने तो एक दिवस प्रसन्न मुखाने केला, तर त्याच्या शिक्षणात त्याची नोंद व्हावयास हवी.

चांगला प्रश्न कोणता?

'अमक्याचा जन्म कोणत्या साली झाला?' हा वाईट प्रश्नाचा नमुना होय. त्यात विचारास वाव नाही. पाठ असेल तर आले, नसेल तर गेले. जाणते प्रश्नकर्ते मुख्य प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी रचतात. आरंभी दुर्मीळ खूण द्यावयाची, आणि हळूहळू सर्वपरिचित खुणेकडे यावयाचे. ज्याचे वाचन खोल तो पहिल्या पायरीवर कळ दाबतो, ज्याचे बेताचे तो शेवटच्या.

एक उदाहरण पाहा: 'काठेवाडातील कन्यावधावर निबंध लिहून यांनी पारितोषिक मिळविले, महारोगावर वनस्पतिज औषध शोधण्याची यांनी खटपट केली, प्राचीन शिलालेख व नाणी वाचून गुप्तकाळाच्या इतिहासावर यांनी प्रकाश पाडला, ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत हे होते, आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयास १९७५ साली यांचे नाव देण्यात आले.' उत्तर, अर्थात, डॉ. भाऊ दाजी लाड. ज्या मुलास हे उत्तर आले नाही, तोही प्रश्न ऐकून एका थोर पुरुषाची ओळख घेऊन घरी जातो. चांगल्या प्रश्नाची हीच खूण, की तो हरणाऱ्यासही काही देऊन जातो.

मुंबईचा जुना वारसा

भाऊ दाजींचे नाव येथे निव्वळ उदाहरणापुरते घेतलेले नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः एकत्र येऊन ज्ञानाची उठाठेव करावी, ही चाल मुंबईस अमेरिकेकडून यावयाची नव्हती. १८४८ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्याही नऊ वर्षे आधी, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. प्रा. पॅटन यांचे त्यांस प्रोत्साहन होते. दादाभाई नौरोजी व भाऊ दाजी हे तिच्या प्रमुख मंडळींपैकी. निबंध वाचावेत, त्यांवर वाद करावा, असा तिचा क्रम असे. मराठी व गुजराती भाषांतून हेच काम चालावे म्हणून तिच्या ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक सुरू झाले.

त्या वादांतूनच स्त्रीशिक्षणाचा प्रश्न पुढे आला. मुलींनी का शिकू नये? त्या तरुणांनी उत्तर टाळ्यांच्या गजरात देऊन ते घरी गेले नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या, आणि आपले काम सांभाळून सकाळच्या वेळी स्वतः विनावेतन शिकवू लागले. नाना शंकरशेट यांच्यासारख्या पुढाऱ्याने त्या कार्यास आश्रय दिला. आज आपल्या घरांतील मुली ज्या सहजतेने पदवीधर होतात, तिच्या मुळाशी विद्यार्थ्यांच्या एका सभेत विचारलेला प्रश्न आहे, हे विसरता येणार नाही. आणि म्हणूनच प्रश्नमंजूषेच्या संघांतून आजही मुलांच्या मानाने मुली थोड्या दिसतात, ही गोष्ट यजमानांस टोचली पाहिजे.

आपल्या भाषेचे काय?

आणखी एक उणीव सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या महाविद्यालयांतील या स्पर्धा बहुतेक इंग्रजीत चालतात. इंग्रजीचा द्वेष करण्याचे कारण नाही; परंतु परळ-लालबागच्या मुलास अमेरिकेतील संस्थानांच्या राजधान्या मुखोद्गत असाव्यात, आणि १८९० साली गिरणी कामगारांस रविवारची सुट्टी कोणाच्या खटपटीने मिळाली, किंवा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने त्याच्याच आजोबांच्या आयुष्यात काय उलथापालथ केली, याची त्यास वार्ता नसावी, हे शोचनीय नव्हे काय? नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव प्रश्नपत्रिकेत यावयाचे तर ती रचणाराही त्या गल्ल्यांतून हिंडलेला हवा. इंग्रजी प्रश्नांचे नुसते भाषांतर करून मराठी प्रश्नमंजूषा होत नाही.

विद्या ही अमक्याच घरची मिरास, असा ज्यांचा समज असेल त्यांनी २०१९ सालची गोष्ट आठवावी. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी 'कौन बनेगा करोडपती' या खेळात एक कोटी रुपये जिंकले. तो खेळ एकट्याचा व पैशाचा, हा सांघिक व मानाचा. परंतु प्रश्नापुढे सर्व सारखे, हा धडा दोहोंकडे एकच.

घरात व वाडीत

यासाठी विद्यापीठाची वाट पाहण्याचेही कारण नाही. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. आपल्या वाड्या-चाळींतून त्या दहा दिवसांत एक संध्याकाळ या खेळास सहज देता येईल. घंटीच्या जागी पितळी वाटी व चमचा चालतो. मात्र एक नियम कटाक्षाने पाळावा: प्रत्येक मुलाने व मुलीने स्वतः रचलेले तीन प्रश्न आणावेत, उत्तर कोठे सापडले ते पुस्तक दाखवावे, आणि आपल्या प्रश्नाच्या वेळी स्वतः मौन पाळावे. वडील मंडळींनी पंच व्हावे, पण चूक निघाल्यास ती मान्य करण्याची तयारी ठेवावी. आजोबांना न आलेले उत्तर नातवास येते, आणि नातवास न सुटलेला प्रश्न आजी ओव्या-म्हणींच्या आधाराने सोडविते, असे एकदा झाले की तो खेळ आपोआप घरचा होतो.

असे पाच-सात गणेशोत्सव गेले, की त्या चाळीतून महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी संघात निवड होण्याची धडपड करील, तशीच स्पर्धेचे यजमानपद अंगावर घेण्याचीही उमेद बाळगील. त्याने ते घेतले, तर घरच्यांनी त्याला 'तू जिंकलास का?' असे विचारू नये. 'तू काय विचारलेस?' असे विचारावे.