एका दिवसात मुंबई

मुंबईस जाणारे लोक बहुधा स्थळांची लांबलचक यादी करितात व सायंकाळी दमलेली मुले घेऊन परततात. आमच्या मते यादी आखूड असावी आणि दिवसाचा क्रम सूर्य व समुद्र पाहून लावावा.

प्रातःकाळी गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने घारापुरीस निघावे. प्रवास सुमारे एक तासाचा आहे. लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या असल्याने वृद्धांस ऊन चढण्यापूर्वीच नेणे इष्ट होय. सोमवारी लेणी बंद असतात. परतीची शेवटची बोट केव्हा सुटते, हे उतरतानाच विचारून ठेवावे.

भर दुपारी गेटवेनजीकच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची सावली गाठावी. ते १९२२ साली लोकांस खुले झाले.

हाजी अलीच्या दर्ग्यास जाणे असल्यास ओहोटीची वेळ आधी पाहावी. मोठ्या भरतीत तेथील वाट पाण्याखाली जाते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, म्हणून काल जाऊन आलेल्याने सांगितलेली वेळ आज उपयोगी पडत नाही.

सूर्यास्तास पश्चिमाभिमुख मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर स्वस्थ बसावे. विद्यार्थीमित्रहो, पाहिलेले मनात ठरण्यासही वेळ हवा. तो आपण दिवस आखतानाच राखून ठेवू या.